जिन्यातली बशी

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत आक्कांनी सगळ्यांची चौकशी केली. माझे यजमान रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतात का, मागच्या दारच्या कढीपत्त्याला पाणी कोण घालतंय, पन्हाळ्याच्या भाचीला कितवा महिना लागला, पाटलीणबाईंचे ब्लाऊज दिलेस का अजून टांगूनच ठेवलेस... आवाज खोल गेला होता, पण हुकूम सोडायची ढब तीच. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून मोसंबी सोलत होते आणि एका प्रश्नाची वाट बघत होते. मांजरांचं काय? त्यांनी विचारावं आणि मी जरा ऐटीतच सांगावं, की काळजी करू नका, मी घालतेय खायला. उत्तर तोंडात तयार होतं, पण त्यांनी विचारलंच नाही. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "सुमन, डब्याचं झाकण नीट लाव. मागच्या टायमाला पिशवीत सांडलं हुतंस." दुसऱ्या दिवशी सकाळी मी अस्तर कापायला घेतलं होतं, तेवढ्यात प्रकाशचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. कात्री कापडातच राहिली.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. पण जाऊबाई म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. त्यांचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, जिथं मराठी आणि कानडी मांडीला मांडी लावून बसतात. लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं होतं, "जाऊबाई-बिऊबाई म्हणू नगंस. आक्का म्हण. बहिणीसंगट भांडायला बरं पडतंय." तो शब्द आम्ही दोघींनी इमानेइतबारे पाळला. शाहूपुरीच्या उतारावर आमचं दुमजली घर. खाली आक्का, वर आम्ही, वरच्या पुढच्या खोलीत माझा शिवणक्लास आणि अंगणातून वर येणारा जिना. जावाजावांचं पटत नाही असं लोक म्हणतात, आणि लोकांना खोटं पाडावं एवढं काही आमचं पटत नव्हतं. पण ज्या दिवशी भांडण व्हायचं नाही, त्या दिवशी दोघींनाही जेवण जायचं नाही, हेही खरं.

घरात मांजर आलं ते माझ्यामुळे, हे आक्कांनी शेवटपर्यंत ऐकवलं. उंदरांनी एका नवरीच्या शालूवरचा ब्लाऊज बाहीपासून कुरतडला आणि मी घर डोक्यावर घेतलं. आक्का तडक माहेरी गेल्या. परत आल्या त्या एक कापडी पिशवी छातीशी धरून. पिशवीचं तोंड बांधलेलं आणि आतून एक बारीक, रागीट आवाज. वाट दिसली की मांजर माघारी जातं, म्हणून एसटीत सगळी वाट त्यांनी पिशवी उघडली नव्हती. कंडक्टरनं विचारलं तेव्हा "कोंबडी हाय" म्हणून सांगितलं. कोंबडी म्याव म्हणाली तेव्हा अख्खी एसटी हसली म्हणे. पिशवीतून निघाली ती तांबूस रंगाची मांजरी, तिचं नाव आक्कांनी तांबव्वा ठेवलं. उंदीर गेले. पण रोग परवडला, औषध नको, अशी माझी गत झाली.

ज्यांच्या घरी शिवण आहे त्यांनी मांजर पाळू नये, असं मी आज जाहीर सांगते. सगळं घर मोकळं पडलेलं असलं, तरी मांजर बसणार नेमकं तुम्ही आखलेल्या कापडावर, खडूच्या रेघांच्या बरोबर मधे. उठवलं तर अंग सैल सोडून देणार, ओल्या चादरीसारखं जड होणार. बॉबिन पळवणार, रीळ कपाटाखाली ढकलणार आणि मग आपणच कपाटाखाली हात घालून म्याव म्हणून तक्रार करणार. गिऱ्हाइकाच्या काळ्या साडीवरचे तांबडे केस चिकटपट्टीनं काढता काढता माझ्या कित्येक दुपारी गेल्या. त्यात तांबव्वा व्याली, ती कुठं? तर माझ्या चिंध्यांच्या पाटीत. मांजर पिलांना सात घरं फिरवतं म्हणतात. तिनं तोंडात एकेक पिलू धरून जिन्यावरून अशा काही फेऱ्या घातल्या, की त्यातलं एक घर माझं इस्त्री केलेल्या ब्लाऊजचं कपाट निघालं. त्या दिवशी मी फतवा काढला. यापुढं मांजरांनी जिन्याला पाय लावायचा नाही. आक्का म्हणाल्या, "बरं बाई, तुझा राजवाडा तुला लखलाभ." पिलं चांगल्या घरी गेली, एक आक्कांनी ठेवून घेतलं. चिंध्यांत जन्मली म्हणून तिचं नाव चिंधी. मग तांबव्वाला आणि तिला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं आणि दोघींची ऑपरेशनं करून आणली. रिक्षात मांडीवर टोपली घेऊन मीच बसले होते. हातावरचा तो ओरखडा अजून आहे.

तिसरं मांजर म्हणजे एक बोका, तो कुठून आला ते कुणालाच ठाऊक नाही. मटण शिजलं की तो भिंतीवर हजर व्हायचा आणि जेवून झालं की वळूनही बघायचा नाही. आक्कांनी त्याचं नाव पावणं ठेवलं. रविवारी त्या अंगणातून हाका मारायच्या, "या पावणं, बसा की! लाजू नगासा!" आणि गल्लीतून जाणारा एखादा अनोळखी माणूस बिचकून थांबायचा. कोल्हापुरात मटणाच्या अळणीचा, म्हणजे बिनतिखटाच्या सुपाचा, मान घरातल्या पोरांचा असतो, आमच्याकडं तो मांजरांचा होता. तिखट-मीठ घालायच्या आधी दोन तुकडे बाजूला निघायचे. भावजी, म्हणजे आक्कांचे यजमान, ताट घेऊन बसलेले असले तरी आक्का म्हणायच्या, "तुमास्नी हात हायत, तुमी वाढून घ्या." श्रावण आला की पंचाईत. देवघरासमोर बसून सोवळ्याच्या गप्पा मारणारी ही बाई पदराखाली उकडलेलं अंडं लपवून मागच्या दारी जायची. मी पकडलं तर म्हणायची, "आपला श्रावण हाय. त्यास्नी कुठला श्रावण?"

भावजी गेले तेव्हा मात्र मांजराचं मोल मला पहिल्यांदा कळलं. आक्का भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. मी ताट घेऊन जायची, तसंच परत आणायची. प्रकाश पुण्याहून आला, हात धरून रडला, तरी त्या उठल्या नाहीत. एका सकाळी तांबव्वा त्यांच्या उशाशी बसली आणि ओरडायला लागली. मी हाकलायला गेले तर हलेना. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला. शेवटी आक्का उठल्या, दूध तापवलं, तिला दिलं आणि तिथंच चुलीपाशी बसून उरलेलं स्वतः प्यायल्या. मला म्हणाल्या, "हिला काय ठावं माणूस गेलंय म्हणून? हिला भूक लागली की लागली. बरं वाटलं बघ कुणीतरी मागितल्यावर." मांजर माया करत नाही, स्वार्थी असतं, असं मी तोवर मानत होते. अजूनही थोडं मानते. पण दुःखात बुडालेल्या माणसाकडून काही मागणं ही केवढी मोठी गोष्ट असते, हे मला त्या दिवशी समजलं.

पुराच्या वर्षी नाल्याचं पाणी अंगणात शिरलं आणि मग घरात. नावेतून लोक बाहेर पडत होते. आक्का म्हणाल्या, मांजरं सोडून मी हालणार न्हाय. आम्हीही मग हललो नाही, धान्य-भांडी सगळं वर आणलं, आणि माझा फतवा पाण्यात वाहून गेला. मांजरं उचलून वर आणली. तांबव्वानं कटिंगच्या टेबलावर मुक्काम ठोकला, चिंधी मशीनच्या पायडलवर, पावणं सज्ज्यात. वीज नाही, खाली गढूळ पाणी, वर आम्ही दोघी आणि पोटाशी घुरघुरणारी मांजरं. खरं सांगू? माझ्या संसारातले ते सगळ्यात शांत दिवस होते. एका पातेल्यात पिठलं व्हायचं, सगळे तेच खायचे, मांजरंसुद्धा. आक्का माहेरच्या गोष्टी सांगायच्या, मी ऐकत ऐकत त्यांच्यासाठी चोळी शिवायची. पाणी ओसरलं, खाली नुसता चिखल होता, पण दार उघडताच तिन्ही मांजरं त्या चिखलातून पाय झाडत आपल्या जागी गेली. एकानंही मागं वळून बघितलं नाही. मी म्हटलं, "बघा तुमची इमानदारी." आक्का विचारात पडल्यासारख्या त्यांच्याकडं बघत राहिल्या.

आता त्या बशीबद्दल सांगते. निळ्या काठाची, एका बाजूला टवका उडालेली चिनीमातीची बशी. मांजरांचं खाणं तिच्यात आणि ती मोरीशेजारी. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस बघते तर ती जिन्याच्या पायरीवर. क्लासच्या मुली येता-जाता ठेचकाळायला लागल्या. मी वरून ओरडले, "आक्का, ती बशी हलवा तिथनं!" खालून लगेच, "हलवतो की!" आणि हलवलीही. चार दिवसांनी बघते तर ती होती त्याच्या वरच्या पायरीवर. मी पुन्हा ओरडले, त्यांनी पुन्हा हलवली, पुन्हा वरच. मी म्हणेन त्याच्या उलट करायचा त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता, त्यामुळे मला दुसरं काही वाटलं नाही. बशी जिन्याच्या वळणावर आली तेव्हा आमचं कडाक्याचं वाजलं. "तुझ्या पायऱ्या काय सोन्याच्या हायत व्हय?" इथवर गेलं. त्याच दिवसांत त्यांना दम लागायला लागला होता. कठडा धरून चढायच्या, मधे थांबायच्या, बशी ठेवायच्या आणि मांजरं खाईपर्यंत पायरीवर बसून राहायच्या. मी म्हणायची, दम लागतोय तर चढता कशाला? तर म्हणायच्या, "डागदरानं चढ-उतार कर म्हटलंय." असा सल्ला देणारा डॉक्टर सगळ्या कोल्हापुरात नसेल. त्यांना दवाखान्यात हलवलं तोवर बशी माझ्या दारात पोचली होती, अगदी उंबऱ्याला लागून. आता रोज खाली कोण जाणार, म्हणून मी तिथंच मांजरांना खायला घालू लागले.

त्यामुळेच दवाखान्यात त्यांनी मांजरांचं नाव काढलं नाही हे मला फार लागलं. कढीपत्त्याची आठवण होते आणि मांजरांची होत नाही? की आठवण होती, पण माझ्यापाशी बोलावंसं वाटलं नाही? एवढ्या वर्षांच्या भांडणात माझ्याबद्दल त्यांनी हेच धरलं असेल का, की ही सुमन मांजरं हाकलून देईल... त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर रक्षाविसर्जन झालं. दहीभात, भाकरी, खरडा, कपात चहा, सगळं त्यांच्या आवडीचं मांडलं. कावळा शिवेपर्यंत आपल्याकडं कुणी जागचं हलत नाही. उशीर लागला तर जवळची माणसं एकेक पुढं होऊन गेलेल्या माणसाला शब्द देतात, अमक्याचं लग्न करतो, तमक्याला सांभाळतो. मी शब्द जुळवून गेले होते. मांजरं मी बघते, असं चारचौघांत मोठ्यानं सांगणार होते. पण आम्ही मागं सरतोय न सरतोय तोच कावळा उतरला आणि थेट दहीभाताला लागला. "काय इच्छा ऱ्हायली न्हवती बघा," म्हणून सगळ्यांनी हात जोडले. मला त्या कावळ्याचा असा राग आला म्हणून सांगू! जिवंतपणी विचारलं नाही, आणि आता मेल्यावरही मला बोलू दिलं नाही.

बाराव्याची पंगत उठली आणि पाहुणे पांगले. प्रकाश मागच्या दारातून एक रिकामं पोतं घेऊन आला. पोरगा वाईट नाही. पुण्यात त्याचं बिऱ्हाड दोन खोल्यांत, बायकोला मांजराच्या केसांनी दमा होतो. "काकी, खालची जागा भाड्यानं द्यायची म्हणतोय," तो म्हणाला, "येणारी माणसं कागलच्या एमआयडीसीत कामाला हायत. तान्हं बाळ हाय त्यांच्यात, मांजरं नकोत म्हणतात. पुण्याला जायच्या आधी मी ही तिकडं सोडून येतो. कँटीन हायत, उपाशी न्हाईत मरणार." मांजरं आक्कांची, मुलगा आक्कांचा, आणि मला तर त्यांनी एका शब्दानंही काही सांगितलेलं नाही. मी कुठल्या अधिकारानं नको म्हणायचं? प्रकाशनं खालच्या खोल्या धुंडाळल्या. कॉटखाली, मोरीत, माळ्यावर... एकही मांजर नाही. "गेली कुठं सगळी?" तो अंगणात येऊन म्हणाला.

आक्कांची धाकटी बहीण गौरा जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती वर बघत होती. माझ्या दारासमोर तिन्ही मांजरं रांगेनं बसली होती, रिकाम्या बशीभोवती. गौरा एकदा त्या बशीकडं आणि एकदा माझ्याकडं बघून म्हणाली, "ही बशी हितं कुणी आणली?"

"आक्कांनी. रोज भांडत होते मी त्यावरनं. एकेक पायरी वर सरकवायच्या."

गौरानं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "अगं, मांजराचं ठाणं असंच हलवत्यात. उचलून न्हेलं तर ऱ्हात न्हाय, माघारी येतंय. त्येची बशी रोज थोडी थोडी सरकवायची, मग त्ये आपल्या पायानं जातंय. गोठ्यातलं मांजर आमच्या आव्वानं असंच घरात आणलं हुतं. आक्काच त्या वक्ताला बशी सरकवायची." मग तिनं विचारलं, "तुला काय बोलली न्हाय व्हय?"

"नाही."

"बोलली असती तर घेतली असतीस?"

मला खोटं बोलता येईना. "भांडले असते," मी म्हणाले, "आणि मग घेतली असती."

"मग? त्येच केलं की तिनं. भांडण आधी उरकून घेतलं."

प्रकाश तिथंच पायरीवर बसला. पोतं हातातून गळून पडलं. खाली मान घालून म्हणाला, "आईला दिवाळीच्या आधीच कळलंवतं, काकी. रिपोर्ट मीच आणला हुता. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून शपथ घातली तिनं." मग मात्र कठडा धरून मी रडले, आक्का गेल्यापासून तशी रडले नव्हते. म्हणजे दिवाळीपासून ती बाई आपल्या मरणाची तयारी माझ्या डोळ्यांसमोर, पायरी पायरीनं करत होती, आणि मी वरून ओरडत होते, हलवा ती बशी! दवाखान्यात त्यांनी मांजरांचं विचारलं नाही, कारण ते काम त्यांच्या लेखी उरकलेलं होतं. कावळाही त्यामुळेच चटकन उतरला असेल, मी उगाच त्याला शिव्या दिल्या. मला विनवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि माझ्यावर विश्वास नव्हता असंही नाही. त्यांनी मला माझ्या भांडणांसकट ओळखलं होतं. असं कुणी आपल्याला ओळखणारं गेलं की घर किती रिकामं होतं, ते मला आता रोज कळतंय. खाली नवीन बिऱ्हाड आलंय, बाळ रडतं, मोरीत पाणी वाहतं, घर हलतं-बोलतं आहे. पण मी ओरडले की खालून उलटून ओरडणारं कुणी नाही.

जिन्याच्या सगळ्या पायऱ्या आक्का दमत दमत चढल्या, पण बशी त्यांनी उंबऱ्याच्या आत कधी ठेवली नाही. आतलं घर माझं, तिथं काय यावं हे मी ठरवायचं, एवढा मान त्या भांडकुदळ बाईनं राखला होता. इतके दिवस मीही बाहेरच खायला घालत राहिले. परवा सकाळी क्लासच्या मुली यायच्या आधी बशी उचलली, घासली आणि आत, शिवणयंत्राच्या बाजूला ठेवली. तांबव्वा, चिंधी आणि पावणं दारातच थबकले. मी त्यांच्याकडं न बघता मशीनवर बसून शिलाई घालायला लागले. थोड्या वेळानं चिंधी आत आली, मग पावणं आले. तांबव्वा आता म्हातारी झालीय, तिला नवीन जागेचा भरवसा लवकर वाटत नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि मान वळवून खाली जिन्याकडं बघत राहिली. मी मशीन थांबवलं. मलाही खाली बघावंसं वाटलं... "ये की आत," मी तिला म्हणाले, "आक्कांनीच सांगितलंय."